दिगूकाकाने केलेली अदलाबदल

दिगूकाकाला मी सहा वर्षं अहो-जाहो केलं. समोर आला तर अजूनही करीन, जीभ तशी वळून गेली आहे. पण ही वही माझी आहे. इथे तो मला 'तो'च.

अर्विंगमध्ये एका देशी किराणा दुकानाच्या मागच्या बाजूला आमचं पोळी-भाजीचं किचन होतं. दिगूकाका त्याचा मालक. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने उंच आणि बारीक, खांद्यात थोडा वाकलेला, आणि डोक्यावर बारा महिने लोकरीची टोपी. टेक्सासच्या जूनमध्ये गाडीच्या दाराला हात लावला तरी चटका बसतो, पण पाच तव्यांच्या धगीतसुद्धा तो टोपी काढायचा नाही. टोपीवर त्याच्या टीमचं चिन्ह होतं. टीम हॉकीची. आपल्याकडे शाळेच्या मैदानावर खेळतात ती हॉकी नव्हे, बर्फावरची. पायांत पात्यांचे बूट घालून घसरत पळायचं आणि चेंडूऐवजी काळी रबरी चकती काठीने मारायची. तरुणपणी तो शिकायला म्हणून वरच्या बर्फाळ राज्यात आला, तिथे त्याला हा नाद लागला. पुढे नोकरीने त्याला टेक्सासमध्ये आणलं. लग्न झालं, मुलं झाली, मुलं शिकून लांब गेली, नोकरी संपली, मग किचन काढलं. एवढ्या सगळ्यात टीम मात्र त्याने बदलली नाही.

तो स्वतः हॉकी एकदाही खेळला नव्हता. बर्फावर त्याला धड उभंही राहता येत नव्हतं, हे त्यानेच हसत हसत सांगितलं होतं. खेळाडूंबद्दलही तो फारसं बोलायचा नाही. त्याचा जीव अडकलेला होता टीमच्या जनरल मॅनेजरमध्ये.

"हा माणूस स्वतः खेळत नाही," त्याने मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. "पण कोणाला ठेवायचं, कोणाला दुसऱ्या टीमला देऊन टाकायचं आणि त्याच्या बदल्यात कोणाला आणायचं, हे सगळं हा ठरवतो. त्याला ट्रेड म्हणतात. टीम हरली की लोक खेळाडूंना शिव्या देतात. द्यायला पाहिजेत ह्याला!"

आणि तो द्यायचा. पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा करायचा, त्यावर कोणीतरी सूट घातलेला माणूस माइकसमोर बोलत असायचा, आणि आमचा दिगूकाका त्याला मराठीत झापायचा. "अरे गाढवा, गोलकीपर कोण देतं का असा? तुला नोकरीवर ठेवला कोणी?" हातात लाटणं असलं तर ओट्यावर आपटायचा. मग आमच्याकडे वळायचा. "सांगा. बरोबर केलं का चूक केलं?"

आम्ही चौघी होतो. सरोजताई कणीक मळायच्या, मी लाटायची, दोघीजणी भाजणं आणि डबे भरणं बघायच्या. चौघींना तो विचारायचाच, सुटका नव्हती. भिंतीवर एक मोठा पांढरा बोर्ड होता. त्याच्या डाव्या बाजूला दिवसाच्या ऑर्डरी आणि कोणी काय काम करायचं ते लिहिलेलं असायचं. उजव्या बाजूला दिगूकाकाने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'जीएमच्या चुका'. जीएम म्हणजे तो जनरल मॅनेजर. त्याखाली आकडे आणि खेळाडूंची नावं. ही बाजू पुसायची कोणाला परवानगी नव्हती. आरोग्य खात्याची बाई तपासणीला आली, तिने विचारलं, हे काय आहे? तर दिगूकाकाने तिला खुर्ची देऊन पाच मिनिटं समजावून सांगितलं. ती बाई जाताना म्हणाली की माझा नवरा पण असाच आहे.

मी मत द्यायची नाही. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. मान हलवायची आणि पोळी लाटायची. पण ऐकून ऐकून मला कळायला लागलं होतं. इंग्रजी अक्षरंसुद्धा मला त्यानेच शिकवली. मी इचलकरंजीत चौथीपर्यंत शिकले, तेव्हा आम्हाला एबीसीडी नव्हतीच. मुलीने ग्रीन कार्ड करून इकडे आणलं तेव्हा मला पाटी वाचता येत नव्हती, बस कुठली ते कळत नव्हतं. दिगूकाका फोनवर खेळाडूचा सदरा दाखवायचा. पाठीवर मोठ्या अक्षरात नाव असतं. "हे पहिलं अक्षर कुठलं? आता हेच अक्षर बाहेरच्या बोर्डावर शोधा." असं करत करत तीन महिन्यांत मी औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचायला लागले. एकदा माझी दाढ सुजली होती, मुलगी-जावई दोघंही ऑफिसात. तो मला डेंटिस्टकडे घेऊन गेला आणि टोपी मांडीवर ठेवून तीन तास बाहेर बसून राहिला. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तो आधीपासून वाईट माणूस असता तर मला एवढा राग आला नसता.

सरोजताई नागपूरच्या. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, मनगटं पुरुषासारखी. मी राहते त्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये, माझ्या मुलीच्या घराच्या बरोबर वरच्या मजल्यावर, मुला-सुनेजवळ राहायच्या. किचन तिथून चालत दहा मिनिटं. दोघींनाही गाडी येत नाही, म्हणून रोज सकाळी बरोबर जायचो. त्या बोलायच्या, मी ऐकायची. किचन सुरू झालं तेव्हा दिगूकाकाने सगळ्यात आधी त्यांनाच कामावर घेतलं होतं. त्याच वर्षी त्याची बायको आजारी पडली. शेवटचे चार महिने तिला काही गिळवत नव्हतं. सरोजताई रोज तिच्यासाठी तांदळाची पेज आणि मऊ भात वेगळा करून द्यायच्या आणि त्याच्यासाठी दोन पोळ्या. हे मला सरोजताईंनी नाही सांगितलं, दिगूकाकानेच सांगितलं होतं, डोळ्यांत पाणी आणून.

त्यांचं कणीक मळणं मी कोणाला समजावून सांगू शकणार नाही, तरी लिहिते. इथलं पीठ पोत्यागणिक वेगळं येतं. शिवाय उन्हाळ्यात एसी, हिवाळ्यात हीटर, दोन्हींनी हवा कोरडी. घरी मळतो तशी मळली तर तासाभरात कणकेला साल धरते आणि पोळी वातड होते. सरोजताई नवं पोतं उघडलं की आधी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवायच्या, मग पाणी किती गरम घ्यायचं ते ठरवायच्या. एकदम सगळं मळायच्या नाहीत. तीन गोळे करायच्या, पहिला घट्ट, दुसरा जरा सैल, तिसरा त्याहून सैल, कारण तिसरा वापरायला घेईपर्यंत दोन तास गेलेले असायचे. मी लाटायला घ्यायची तेव्हा तिन्ही सारखेच लागायचे. लोक म्हणायचे, काकूंच्या हातची पोळी दुसऱ्या दिवशीसुद्धा मऊ असते. काकू म्हणजे मी, कारण लाटताना मी दिसायची. सरोजताई मागच्या बाजूला सिंकजवळ असायच्या.

एकदा त्याची टीम डॅलसला खेळायला आली. दिगूकाकाने किचन बंद ठेवलं आणि आम्हा चौघींना मॅचला घेऊन गेला. बाहेर ऊन, आणि हातात प्रत्येकीच्या जाड जाकीट. सरोजताईंनी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी बांधून घेतली होती. दारावरच्या गार्डने डबा उघडायला लावला आणि मान हलवली.

"काय म्हणून राहिला हा?" सरोजताईंनी विचारलं.

"बाहेरचं अन्न आत चालत नाही म्हणतो."

"बाहेरचं कुठे आहे बाप्पा, घरचं आहे! सांगा त्याले."

दिगूकाकाने खरंच तसंच्या तसं त्याला इंग्रजीत सांगितलं. गार्ड हसला, पण सोडलं नाही. मग आम्ही पाचही जणांनी पार्किंगमध्ये गाडीच्या मागे उभं राहून पुऱ्या खाल्ल्या आणि पहिला भाग चुकवला. दिगूकाका तोंडात पुरी घालून म्हणाला, "जाऊ दे, पहिल्या भागात आमचे लोक झोपलेलेच असतात."

आत गेल्यावर सगळे चकतीमागे डोळे फिरवत होते. मला तर ती दिसतच नव्हती. दिगूकाका म्हणाला, "चकतीकडे बघू नका. तो बघा, मागे उभा आहे तो. दाढीवाला." तो टीमचा जुना डिफेन्सचा खेळाडू होता. पंधरा वर्षं त्याच टीममध्ये. तो जास्त पळत नव्हता. पण समोरचा कोणी आला की हा आधीच तिथे असायचा. "ह्याचं नाव पेपरात येत नाही," दिगूकाका म्हणाला. "पण हा मागे आहे म्हणून पुढचे बिनधास्त पळतात. हा काढून घ्या, मग बघा पुढच्यांची काय तारांबळ होते."

सरोजताई म्हणाल्या, "मंजे मीच की तो!"

आम्ही सगळ्या हसलो. दिगूकाका हसला नाही. तो एकदम गंभीर होऊन म्हणाला, "अगदी बरोबर. सरोजताई, तुम्ही आमच्या टीमचा डिफेन्स." आणि टोपी काढून त्यांच्यापुढे मान वाकवली. सरोजताई लाजल्या. परत येताना गाडीत गप्प बसल्या होत्या. त्या गप्प बसलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा बघितल्या.

पुढच्या हिवाळ्यात त्या मॅनेजरने दाढीवाल्याला दुसऱ्या टीमला देऊन टाकलं. बदल्यात एक तरुण, वेगवान, भरपूर गोल करणारा खेळाडू आणला. बातमी आली तेव्हा मी लाटत होते.  दिगूकाकाने बोर्डाजवळ जाऊन पुढचा आकडा लिहिला, त्यापुढे त्या खेळाडूचं नाव, आणि खाली दोन रेघा मारल्या.

"सांगितलं कसं, माहीत आहे? फोनवर! तो मुलीला शाळेत सोडायला चालला होता, गाडीत फोन आला. पंधरा वर्षं! गुडघे झिजवले त्याने तुमच्यासाठी. समोर बसवून सांगायची हिंमत नाही? हा कसला मॅनेजर, हा पळपुटा आहे!"

टीमच्या राज्यातल्या रेडिओवर एक कार्यक्रम असायचा, लोक फोन करून टीमबद्दल बोलायचे. दिगूकाकाने किचनमधून फोन लावला. चाळीस मिनिटं वाट बघितली. आम्हाला हातानेच सांगितलं, तवे बंद करा, आवाज नको. पोळ्या थांबल्या. मग त्याचा नंबर लागला. तो सरळ उभा राहिला, शाळेत कविता म्हणायला उभं राहतात तसा, आणि इंग्रजीत बोलला. मला त्यातलं एक वाक्य कळलं, कारण नंतर तो ते आठवडाभर मराठीत म्हणत होता. "साहेब, निष्ठा म्हणजे कमजोरी नव्हे. जो मागे उभा राहून सांभाळतो त्याला आधी सांभाळा." रेडिओवाल्याने विचारलं, कुठून बोलताय? "अर्विंग, टेक्सास." तो खूप हसला आणि पुढचा फोन घेतला. दिगूकाका फोन हातात धरून तसाच उभा. सरोजताई म्हणाल्या, "काका, खरं बोलले तुम्ही. हसू द्या त्याले." आणि त्याच्या हातात चहा दिला.

त्याचं म्हणणं खरं ठरलं. नवा खेळाडू गोल करायचा, पण टीम त्याहून जास्त गोल खायची. दिगूकाका दर मॅचनंतर सकाळी येऊन सांगायचा. त्याला आनंद व्हायचा का दुःख, मला कळायचं नाही.

त्यानंतरच्या गणपतीची गोष्ट. त्या आधीच्या वर्षी आमचे उकडीचे मोदक फुटले होते, लोकांनी ग्रुपवर फोटो टाकून नावं ठेवली होती. गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर फ्रिस्कोला मीनल नावाच्या बाईचं असंच किचन आहे. तिच्याकडे अस्मिता म्हणून एक मुलगी होती, तिशीतली. तिच्या मोदकांना अशा बारीक कळ्या पडायच्या की मोजायला बसावं. मीनलला पोळ्या जमत नव्हत्या. दिगूकाका आणि मीनल फोनवर बरेच दिवस काहीतरी बोलत होते. तो दाराबाहेर जाऊन बोलायचा. आम्हाला वाटलं, मोदक तिकडून मागवणार असेल.

सोमवारी सकाळी सरोजताई आणि मी नेहमीसारख्या पोहोचलो. त्यांनी डोक्याला रुमाल बांधला, हात धुतले आणि बोर्डाकडे बघितलं. कणकेच्या पुढे लिहिलं होतं, अस्मिता. सरोजताईंचं नाव कुठेच नव्हतं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं, 'सरोजताई – फ्रिस्को, आजपासून, व्हॅन साडेसात'.

त्यांनी मला विचारलं, "हे काय लिहून राहिले?"

मी वाचून दाखवलं. त्यांना वाचता येत होतं, माझ्यापेक्षा चांगलं. तरी विचारलं.

किराणा दुकानाची व्हॅन बाहेर उभी होती. ड्रायव्हर पेटारे चढवत होता. दिगूकाका पुढे किराणा दुकानात होता, त्याची टोपी मला रॅकच्या वरून दिसत होती. तो मागे आला नाही. सरोजताई दहा मिनिटं थांबल्या. मग म्हणाल्या, "इथलं पीठ मले ठाऊक आहे. तिथलं काय ठाऊक?" आणि व्हॅनमध्ये बसल्या. दिगूकाका अकरा वाजता किचनमध्ये आला, तोपर्यंत अस्मिता आली होती.

मी तेव्हा काही बोलले नाही. चौघी असताना मी दाढीवाल्याबद्दल मत दिलं नाही, तशीच उभी राहिले. त्याबद्दल मला माझाही राग आहे, पण त्याच्यावरचा राग त्याने कमी होत नाही.

मोदक सुंदर झाले. हे खोटं लिहिणार नाही. मंडळाच्या लोकांनी किचनमध्ये येऊन फोटो काढले. दिगूकाका अस्मिताच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. गणपती गेले आणि मोदक संपले, आणि उरल्या पोळ्या. अस्मिता कणीक मळायची ती एकदमच सगळी, एकाच पाण्याने. तिची चूक नाही, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि सांगणार कोण? ती विद्या सरोजताईंच्या बोटांत होती. दुपारपर्यंत गोळा कडक व्हायचा, मी जोर लावायची, पोळी कडेने फाटायची. डबे परत यायला लागले.

तिकडे फ्रिस्कोला सरोजताई सहा आठवडे गेल्या. मग व्हॅनचा रस्ता बदलला. मीनलने सांगितलं, स्वतः यायचं बघा. मुलगा ऑफिसला सकाळी सातला निघतो, उलट्या दिशेला. सून गप्प राहिली. मीनलचा फोनवर मेसेज आला, थँक यू, पुढच्या सोमवारपासून नको. झालं. सरोजताई घरी बसल्या. मी कामावरून आले की वर जायची. घरात सगळं झाकलेलं, पुसलेलं, जागच्या जागी. त्या खिडकीत बसलेल्या असायच्या. "दिवसभर काय करता?" विचारलं तर म्हणायच्या, "पार्किंग मोजून राहिली." त्या एकदाच म्हणाल्या, "बोलावलं तर जाईन मी. मले कायी मानपान नाही लागत. फक्त त्यानं येऊन बोलावलं पाहिजे."

एवढंच त्यांना हवं होतं.

दरम्यान दिगूकाकाने माझ्या हाताकडे बघायला सुरुवात केली. एक दिवस परत आलेला डबा माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "काय हो, हात जड झालाय का तुमचा? वयामुळे होतं असं."

मी सहा वर्षांत पहिल्यांदा त्याला उलट बोलले. "काका, कणीक बघा. सरोजताईंना परत बोलवा."

त्याने चष्मा काढला, भांड्यांच्या साबणाने धुतला, तो नेहमी तसाच धुवायचा, आणि पुसत पुसत म्हणाला, "असं होत नसतं. ट्रेड झाला की झाला. त्यांचं वय झालंय, मीनलनेसुद्धा ठेवलं नाही, बघितलंत ना? भावनेवर टीम चालत नाही. टीम बांधायची तर मन घट्ट करावं लागतं."

मागे फोन चालू होता. तोच सूटवाला माणूस माइकसमोर काहीतरी बोलत होता. मला वाटलं, दोघं एकदमच बोलतायत.

त्या मॅनेजरचा मी विचार केला आहे. त्याला मी एकवेळ माफ करीन. त्याने दाढीवाल्याच्या हातची पेज आपल्या मरणाऱ्या बायकोला भरवली नव्हती. त्याला फक्त कागदावरची नावं दिसत असतील. दिगूकाकाला सगळं दिसत होतं. मागे उभं राहणाऱ्या माणसाची किंमत त्याच्याइतकी कोणालाच कळत नव्हती. ती त्याने आम्हाला शिकवली. आणि एका हंगामाच्या मोदकांसाठी त्याने तीच चूक केली, त्याच पद्धतीने केली, आणि ती बोर्डावर लिहिली नाही.

मी हात धुतले. बोर्डाजवळ गेले. उजव्या बाजूला शेवटचा आकडा होता, त्याच्या खाली पुढचा आकडा घातला आणि लिहिलं, सरोजताई. माझं अक्षर चांगलं नाही, रेघ वर चढत गेली. पण मोठं लिहिलं.

अस्मिताने तोंडावर हात ठेवला. दिगूकाका बोर्डाकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले. मग त्याने तळहाताने ते पुसलं. जी बाजू पुसायची कोणालाच परवानगी नव्हती, ती त्याने हाताने पुसली आणि तळहात ॲप्रनला घासला. म्हणाला, "कामाला लागा."

मी माझं ॲप्रन खुंटीला लावलं आणि घरी आले. मुलीने विचारलं, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "हात जड झालाय."

त्यानंतर तो मला एकदाच दिसला. साधारण महिन्याने, शनिवारी दुपारी. दारावर टकटक झाली. मुलगी आणि जावई नातीला घेऊन बाहेर गेले होते. दार उघडलं तर दिगूकाका. हातात डबा. टोपी तीच.

"बघा जरा," तो म्हणाला. डब्यात दोन पोळ्या होत्या. मी हात न लावता सांगू शकले असते. "लाटायला तीन बायका बदलल्या. तुम्ही या परत. सोमवारपासून."

मी त्याला आत या म्हटलं नाही. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला पाणी न विचारता उभं ठेवत नाहीत. मी ठेवलं.

"काका," मी म्हटलं, "माझ्यामुळे ह्या पोळ्या सुधारणार नाहीत. तुम्हाला माहीत आहे कोण पाहिजे ते. त्या वर आहेत. घरीच आहेत. तुम्ही जाऊन बोलवा, त्या येतील. त्या आल्या की मी येते."

 जिना आमच्या दाराला लागूनच आहे, लोखंडी, बाहेरच्या बाजूने वर जाणारा. तो जिन्यापाशी गेला. कठड्यावर हात ठेवला. वर बघितलं. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, मला दिसलं. चौदा पायऱ्या आहेत. मी रोज चढते, मला गुडघेदुखी आहे.

तो तिथे किती वेळ उभा होता माहीत नाही. माझ्या मनात मी त्याला ढकलत होते. जा ना. त्या कायी मानपान मागणार नाहीत. एक शब्द बोलायचा आहे.

मग त्याने पाय खाली घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आज जरा घाईत आहे. फोन करतो त्यांना." आणि डबा काखेत धरून पार्किंगकडे चालायला लागला.

मी वर गेले. सरोजताईंचं दार उघडंच होतं. खिडकीतून पार्किंग दिसतं, त्यांनी त्याची गाडी येताना बघितली असणार. त्या सोफ्याजवळ उभ्या होत्या. कामाचा जुना सलवार कमीज घातलेला, बाह्या वर दुमडलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेला.

"येऊन राहिले का?" त्यांनी विचारलं.

 मग त्यांनीच मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. खाली दिगूकाका गाडीत बसला होता. काच खाली होती. त्याने फोन कानाला लावला, आणि सरोजताईंच्या टेबलावर त्यांचा फोन वाजायला लागला. पडद्यावर त्याचं नाव होतं.

आम्ही दोघी फोनकडे बघत उभ्या राहिलो. तो वाजत राहिला. सरोजताईंनी उचलला नाही. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि सोफ्याच्या हातावर ठेवला. खाली दिगूकाकाने फोन कानापासून काढून त्याच्याकडे बघितलं, आणि गाडी मागे घेतली.